दहा लिटरच्या कॅबिनेटमधला गेमिंग पीसी: वेर्णा ते डिचोली

गोव्यातल्या डिचोलीची एक मुलगी तिथल्याच वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. आठवडाभर ती तिथेच भाड्याच्या खोलीत राहते आणि शनिवार-रविवारी घरी जाते. तिला पाठीवरच्या पिशवीत मावेल असा गेमिंग पीसी हवा होता. पणजीला बस बदलताना तो तिला एकटीला उचलता यायला हवा आणि १४४०पी (२५६० बाय १४४० ठिपके) रिझोल्यूशनवर नवे गेम वरच्या सेटिंगला चालायला हवेत. बजेट मॉनिटर सोडून दीड लाख. हे २०२४ च्या पावसाळ्यातलं प्रकरण आहे, त्यामुळे खाली येणारी भागांची नावं त्या वेळच्या बाजारातली आहेत. पण निवडीमागचा हिशेब आजही तसाच लागू पडतो, म्हणून तो सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे ती येताना यादी करूनच आली होती. रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर, तीन पंख्यांचं जाडजूड आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, ८५० वॅटचा नेहमीच्या एटीएक्स मापाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), चमकणारी उंच रॅम आणि शेवटच्या ओळीत ‘छोटं कॅबिनेट, कुठलंही’. यातला एकही भाग वाईट नाही. पण टॉवर, म्हणजे मोठा उभा पीसी, बांधताना कॅबिनेट शेवटी निवडलं तर चालतं. दहा लिटरच्या पीसीत ते सगळ्यात आधी निवडावं लागतं, कारण पुढच्या प्रत्येक भागाची उंची, जाडी आणि उष्णता तेच ठरवतं. तिच्या यादीतला एसएमपीएस तर कॅबिनेटमध्ये शिरलाच नसता. एटीएक्स एसएमपीएस १५० मिमी रुंद आणि ८६ मिमी उंच असतो, तर लहान पीसीसाठीचा एसएफएक्स १२५ बाय १०० बाय ६३.५ मिमीचा. एवढ्याशा जागेत हा फरक फार मोठा आहे.

लॅपटॉप का नको, हे तिच्या बाबांनी विचारलं आणि ते रास्त होतं. त्याचं उत्तर आकड्यांत आहे. लॅपटॉपवर ‘४०७०’ लिहिलेलं असलं तरी ती चिप वेगळी असते. तिच्यात ४६०८ कोर आणि ८ जीबी मेमरी असते आणि तिला जास्तीत जास्त ११५ वॅटच्या आसपास वीज मिळते. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५८८८ कोर, १२ जीबी मेमरी आणि २०० वॅट. शिवाय चार वर्षांनी लॅपटॉपमधलं ग्राफिक्स बदलता येत नाही. बाबांना हा दुसरा मुद्दा लगेच पटला.

१२० मिलिमीटरची वाटणी

कॅबिनेट म्हणून फ्रॅक्टल टेरा ठरलं. ते १०.४ लिटरचं आहे, म्हणजे ३४३ बाय १५३ बाय २१८ मिमी. साधा मिड-टॉवर ४० लिटरच्या वर जातो, त्यावरून अंदाज यावा. यात मदरबोर्ड एका बाजूला आणि ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या बाजूला, पाठीला पाठ लावून बसतात. मध्ये एक पत्र्याचा कणा असतो आणि दोघांना रायझर केबल जोडते. हा कणा ठरावीक टप्प्यांत डावी-उजवीकडे सरकतो. तो एका टोकाला नेला तर कूलरला ७७ मिमी उंची मिळते आणि कार्डाला ४३ मिमी जाडी. दुसऱ्या टोकाला कूलरला ४८ आणि कार्डाला ७२. दोन्हीकडे बेरीज १२० च येते.

तेव्हा खरा प्रश्न असा होता की हे १२० मिमी कुणाला किती द्यायचे.

तिचं तीन स्लॉटचं कार्ड घेतलं असतं तर साठेक मिमी तिथेच गेले असते. उरलेल्या जागेत कूलर ५७-५८ मिमीच्या आतला बसवावा लागला असता आणि कार्ड पॅनेलला चिकटून राहिलं असतं. जाळीला चिकटलेला पंखा हवा कमी ओढतो आणि आवाज जास्त करतो. मधे थोडी मोकळी फट हवीच. म्हणून मी उलट्या बाजूने मोजायला सांगितलं. दोन स्लॉटचं, दोन पंख्यांचं ४०७० घ्यायचं. त्याची जाडी साधारण ४० मिमी. कूलर ६७ मिमी उंचीचा, वर १२० मिमी व्यासाचा पातळ पंखा असलेला. कणा अशा टप्प्यावर ठेवायचा की कूलरला सत्तरच्या थोडे वर मिळतील आणि कार्डाला पन्नासच्या थोडे आत. म्हणजे कार्डाच्या पंख्यांपुढे सात-आठ मिमी मोकळे राहतात आणि कूलरच्या पंख्यापुढेही चार-पाच.

हे तिला कागदावर पटेना. मग दुकानात पडलेल्या एका खोक्याचा पुठ्ठा घेतला आणि १७० बाय १७० मिमीचा चौकोन कापला. मिनी-आयटीएक्स बोर्डाचं माप एवढंच असतं. व्हीआयए कंपनीने २००१ मध्ये ते आणलं तेव्हापासून ते बदललेलं नाही. त्या चौकोनावर तिने कूलरच्या पंख्याएवढी गोल ताटली ठेवली आणि रॅमच्या दोन पट्ट्यांच्या जागी पुठ्ठ्याचे तुकडे उभे केले. उंच रॅमचा तुकडा सरळ ताटलीखाली अडकला. चमकणारी रॅम तिथल्या तिथे यादीतून गेली आणि ३५ मिमीच्या आतली साधी आली. बोर्डाच्या डाव्या काठावरच्या व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंकसाठीही असाच तुकडा उभा करून पाहिला. कूलर घेण्यापूर्वी ही कसरत जरूर करावी. कंपन्या कूलरची उंची ठळक छापतात, पण तो बाजूला किती पसरतो ते बारीक नकाशात शोधावं लागतं.

पीसी एकाच जागी राहणार असता तर मी तिला कूलर मास्टरचं एनआर२०० सुचवलं असतं. ते १८.२५ लिटरचं आहे. त्यात १५० मिमीचा उभा टॉवर कूलर बसतो, हवा कितीतरी चांगली खेळते आणि दामही कमी पडतात. लहान कॅबिनेटच्या मोहात पडणाऱ्या बहुतेकांना खरं तर तेच पुरतं. हिला मात्र दर आठवड्याला तो उचलायचा होता, आणि आकारासाठी जास्त पैसे मोजायला तेवढंच कारण मला मान्य आहे.

कार्ड आणि प्रोसेसर

४०७० च का, ४०६० टीआय का नाही? ४०६० टीआय १६०-१६५ वॅटचं आहे, म्हणजे लहान कॅबिनेटसाठी वरवर तेच योग्य दिसतं. पण त्याची मेमरी बस, म्हणजे मेमरीपर्यंतची वाट, १२८ बिटची आणि ४०७० ची १९२ बिटची, त्यामुळे १४४०पीवर फरक जाणवतो. दुसरं कारण फारसं बोललं जात नाही. ४०६० टीआय पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेच्या, आठच लेन वापरतं, ४०७० सोळा. रायझर केबलवर पीसीआयई ४.० चा वेग कधी कधी नीट टिकत नाही. चित्र तुटतं किंवा पीसी अडखळतो, आणि तेव्हा बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) वेग ३.० वर आणावा लागतो. सोळा लेनच्या कार्डाला याचा फारसा फरक पडत नाही. आठ लेनच्या कार्डाची वाट मात्र आधीच अरुंद असते आणि तेव्हा ती आणखी निम्मी होते. रायझर असलेल्या पीसीत सोळा लेनचं कार्ड ही एक सवड आहे.

तिसरी गोष्ट वीजजोडणीची. ४०७० ची काही मॉडेल नव्या १६ पिनच्या जोडणीची आहेत, काही एकाच जुन्या ८ पिनची. स्लॉटमधून ७५ आणि ८ पिनमधून १५० मिळून २२५ वॅट होतात, त्यामुळे २०० वॅटच्या कार्डाला ते पुरतं. १६ पिनची केबल जोडणीपासून साधारण ३५ मिमी सरळ ठेवून मगच वाकवावी असा संकेत आहे. टेरासारख्या कॅबिनेटमध्ये तेवढी सवड काढणं जिवावर येतं. म्हणून ८ पिनचं मॉडेल घेतलं. ४०७० सुपर जास्त वेगवान होतं, पण २२० वॅट आणि वरचे दाम, दोन्ही तिच्या हिशेबाबाहेर गेले.

प्रोसेसरवर खरा वाद झाला. तिचा चुलतभाऊ ७८००एक्स३डीवर अडून बसला होता. दुकानात कुणीतरी त्याला सांगितलं की लहान डब्यात तो तापतो, म्हणून नको. हे कारण मला मान्य नाही. कागदावर त्याची टीडीपी (कूलरसाठी ठरवलेला उष्णतेचा आकडा) १२० वॅट असली तरी गेममध्ये तो त्याच्या निम्म्याच्या आसपासच वीज घेतो. कोरवर कॅशचा जादा थर असल्यामुळे त्याची तापमानाची मर्यादा ८९ अंशांवर आहे आणि एक्स३डी नसलेल्या रायझन ७००० प्रोसेसरची ९५ वर, एवढं खरं. पण नीट कूलर असेल तर गेमिंगला तो लहान कॅबिनेटमध्ये छान चालतो. नकार द्यायचाच तर कारण पैशांचं हवं. १४४०पीवर ४०७० आधी थकतं आणि प्रोसेसर त्याची वाट पाहत बसतो. मग तिथे दुप्पट पैसे घालून मिळणार काय? रायझन ५ ७६०० घेतला. सहा कोर, ६५ वॅटची टीडीपी, प्रत्यक्षात जास्तीत जास्त ८८ वॅट. वाचलेल्या पैशांतून चांगला एसएमपीएस आणि २ टीबी एसएसडी आली.

यात एक मोह टाळला. ७५००एफ त्याहून स्वस्त मिळत होता आणि गेममध्ये जवळपास तेवढाच चालतो. पण त्यात अंतर्गत ग्राफिक्स नाही. टॉवरमध्ये मी बिनदिक्कत तो सुचवतो. इथे कार्ड आणि बोर्ड यांच्यामध्ये रायझर आहे आणि स्क्रीन काळी पडली तर दोष कार्डाचा, रायझरचा की बोर्डाचा हे ओळखायला बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयला चित्र येणं फार मोलाचं असतं. डिचोलीला रविवारी संध्याकाळी दुसरं कार्ड कुठून आणणार? त्या थोड्या जास्तीच्या पैशांत ती चिंता मिटते. कूलरसाठी मात्र ७६०० सोबत मिळणाऱ्या रेथ स्टेल्थवर भागवलं नाही. ५४ मिमीचा तो कूलर बसतो, पण बंद कॅबिनेटमध्ये गेम चालू झाला की त्याचा आवाज खोलीभर होतो.

बाकीचं थोडक्यात. बी६५० चिपसेटचा, वाय-फाय असलेला मिनी-आयटीएक्स बोर्ड. याला मोठ्या बोर्डापेक्षा जास्त पैसे पडतात, त्याला इलाज नाही. रॅमच्या दोनच जागा असतात, म्हणून सुरुवातीलाच १६ जीबीच्या दोन पट्ट्या, डीडीआर५-६०००, सीएल३०. एसएसडी पीसीआयई ४.० ची. ५.० ची मुद्दाम घेतली नाही, कारण ती तापते आणि गेमला तिचा काही उपयोग नाही. बोर्डाच्या पाठीमागेही एम.२ ची, म्हणजे एसएसडी लावायची, जागा असते, पण ती कण्याच्या बाजूला येते आणि कण्यापलीकडे कार्डाची पाठ तापत असते. त्यामुळे पुढची, हीटसिंकखालचीच जागा वापरली.

एसएमपीएस ७५० वॅटचा, एसएफएक्स, गोल्ड दर्जाचा, सगळ्या केबल सुट्या होणारा. कार्ड २००, प्रोसेसर ८८ आणि बाकी पन्नासेक धरले तरी पूर्ण भार साडेतीनशेच्या आतच राहतो. मग ५५० चा का नको? निम्म्या भारावर चालणाऱ्या एसएमपीएसचा पंखा बहुतेक वेळ हळू किंवा बंदच असतो, कार्डाचे क्षणिक झटके तो सहज सोसतो आणि पुढे कार्ड बदललं तरी तोच चालतो. लहान कॅबिनेटमध्ये एसएमपीएस बदलणं म्हणजे सगळं उसवून पुन्हा शिवणं, त्यामुळे तो एकदाच आणि चांगला घ्यावा.

जोडणी आणि पहिला आठवडा

जोडणीत क्रमाला महत्त्व आहे. एसएमपीएसच्या केबल आधी लावायच्या, कार्ड सगळ्यात शेवटी. कूलर बोर्डावर बाहेरच बसवायचा, पण प्रोसेसरची ८ पिनची वीजकेबल त्याआधी ओढून ठेवायची, कारण नंतर तिथे बोट जात नाही. उरलेली केबल कुठे कोंबायची हा प्रश्न शेवटपर्यंत राहतो. ती कूलरच्या पंख्यापुढे येऊ द्यायची नाही, बाकी चालतं.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळीच राहिली. चुलतभाऊ प्लग काढायला धावला. त्याला थांबवलं. एएम५, म्हणजे या रायझनच्या सॉकेटचा, बोर्ड पहिल्या वेळी रॅमची तालीम घेतो, म्हणजे ती नीट चालते का ते जुळवून पाहतो, आणि त्याला काही मिनिटं लागू शकतात. मधेच वीज तोडली तर ती तालीम पुन्हा पहिल्यापासून.

चित्र आल्यावर बायोस आणि ड्रायव्हरमध्ये तीन बदल केले. रॅम ६००० वर नेली, कर्व ऑप्टिमायझर या बायोसमधल्या सोयीतून प्रोसेसरचा व्होल्टेज थोडा खाली आणला आणि कार्डाची वीजमर्यादा ८५ टक्क्यांवर, म्हणजे १७० वॅटवर ठेवली. हा तिसरा बदल लहान कॅबिनेटसाठी मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शेवटचे तीस वॅट कार्ड थोड्याशा फ्रेमसाठी खर्च करतं, पण ते सगळे त्या दहा लिटरमध्येच उष्णता बनून राहतात आणि पंख्याला ती बाहेर काढावी लागते. तिने खेळून पाहिलं. फ्रेममधला फरक तिला ओळखता आला नाही, पण आवाजातला लगेच आला.

गोव्याची हवा आणि वीज

परदेशी चाचण्यांतले तापमानाचे आकडे २०-२२ अंशांच्या खोलीतले असतात. डिचोलीच्या घरात एसी नाही, मे महिन्यात दुपारी खोली ३२-३३ अंशांवर जाते. ढोबळ हिशेबाने खोली दहा अंशांनी जास्त गरम म्हणजे आतले भागही तेवढेच जास्त गरम. कुठल्याही कॅबिनेटच्या चाचणीत कार्ड ७५ अंश दिसलं की त्यात आपले दहा-बारा मिळवून पाहावं आणि मग निर्णय घ्यावा. वर १७० वॅट का ठेवले, ते इथे कळेल.

मला खरी काळजी होती ती दमटपणाची. वेर्ण्याच्या खोलीत एसी आहे आणि ती तो २२ वर ठेवते. पावसाळ्यात बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २२ अंशांवर थंड झालेलं धातूचं कॅबिनेट बाहेर काढलं की त्यावर पाणी सुटणारच, फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर सुटतं तसं. आतल्या बोर्डावर आणि हीटसिंकवरही. यासाठी तिला एक शिस्त लावून दिली. खोलीतून निघण्यापूर्वी एसी बंद करून पीसी पिशवीत भरायचा, आतल्या प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं, सोबत सिलिका जेलची पुडी टाकायची. घरी पोचल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पीसी आतल्या आत बाहेरच्या तापमानाला आला की मगच काढायचा आणि मगच प्लग लावायचा. बसच्या प्रवासात हे बहुतेक आपोआप होतं, पण ती कुणाच्या गाडीतून एसीत आली तर वेळ द्यावा लागतो.

पावसाळ्यात पीसी पंधरा दिवस बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालवलेला बरा. चालू पीसी आतून कोरडा राहतो. कपाटातल्या चपलांना बुरशी धरते त्या घरात कपाटात ठेवलेल्या पीसीचं भलं होणार नाही. उन्हाळ्यात डिचोलीची तांबडी धूळ बारीक असते आणि ती कार्डाच्या पात्यांत जाऊन बसते. बाजूची पॅनेल सहज उघडतात, म्हणून चवथीच्या साफसफाईसोबत एकदा आणि शिमग्यानंतर एकदा मऊ ब्रश फिरवायचा असं ठरलं. ब्रश करताना पंखा बोटाने धरून ठेवावा, नाही तर तो उलटसुलट गरगर फिरतो आणि बेअरिंगला त्रास होतो.

वेर्ण्याला एक वेगळीच तक्रार निघाली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला: “दादा, कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. पायात चप्पल असली तर नाही, अनवाणी असलं की हमखास.” पीसीत काही बिघाड नव्हता. एसएमपीएसच्या आत गोंगाट गाळणारे कपॅसिटर असतात आणि त्यांतून अगदी थोडी वीज धातूच्या कॅबिनेटकडे येत राहते. ती अर्थिंगमधून जमिनीत जायची असते. खोलीतल्या सॉकेटला तीन भोकं होती, पण तिसऱ्यामागे तारच नव्हती. टॉवरच्या कॅबिनेटला आपण सहसा हात लावत नाही, म्हणून हे कळत नाही. टेबलावर शेजारी ठेवलेल्या धातूच्या लहान कॅबिनेटला दर मिनिटाला हात लागतो. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगची तार ओढून घेतली आणि मुंग्या थांबल्या. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येकाने हे आधी तपासून घ्यावं. टेस्टरने फेज दिसतो, अर्थिंग आहे की नाही ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रिशियनच बोलवावा.

यूपीएस डिचोलीसाठी घेतला, कारण पावसात वीज तिथे जास्त वेळा जाते. तिच्याकडे जुना ६०० व्हीएचा होता. असे यूपीएस बहुधा ३६० वॅटपर्यंतच देतात. पीसी आणि पडदा मिळून भार त्याच्या फार जवळ जातो आणि खेळता खेळता वीज गेली तर तो शिटी मारून बंद पडतो. १००० व्हीएचा, शुद्ध साइन वेव्हचा घेतला. स्वस्त यूपीएसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर ॲक्टिव्ह पीएफसीचे (वीज सुरळीत ओढणारं सर्किट असलेले) एसएमपीएस कधी कधी बदलाच्या क्षणीच बंद पडतात. स्टॅबिलायझर मात्र घेऊ दिला नाही. हा एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालणारा आहे, कमी दाबाने त्याचं काही बिघडत नाही. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि त्यासोबत इंटरनेटची केबलही काढायची, एवढं तिच्या आईला सांगून ठेवलं, कारण ती घरी असते.

घरी मॉनिटर नाही, त्यामुळे तिथे तो टीव्हीला लागतो. ४के टीव्हीवर डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणारी एनव्हिडियाची सोय) चालू करून ४०७० बऱ्याच गेममध्ये साठ फ्रेम धरतं आणि बाबा क्रिकेट लावेपर्यंत ती खेळते.

पुढचं कार्ड कधी घ्यायचं हे तिने आत्ताच विचारलंय. जून २०२४ मध्ये एनव्हिडियाने लहान पीसीत बसणाऱ्या कार्डांसाठी मापं जाहीर केली: लांबी ३०४ मिमी, उंची केबलच्या वाकासकट १५१ मिमी, जाडी ५० मिमी. लांबीला टेरात ३२२ मिमीपर्यंत जागा आहे, तो प्रश्न नाही. जाडी ५० म्हणजे कूलरला ७० उरतात आणि ६७ चा कूलर त्यात मावतो, पण कण्याचा टप्पा नेमका तिथे येतो का आणि पंख्यापुढे किती फट राहते ते कार्ड हातात येण्यापूर्वी मोजायचं. केबलच्या बाजूची उंचीही तशीच. पुठ्ठा तिने जपून ठेवलाय, कार्डाचं माप मिळालं की त्यावरच उभं करून पाहू.